बॅकलाइट गयेल आहे

धडधाकट टीव्ही तपासून घ्यायचे मला परवा तीनशे रुपये पडले. टीव्हीवर 'सावरिया' हा सिनेमा लागला होता, एवढाच त्याचा आजार. शेजारचे नाना ताक द्यायला आले, पडद्याकडे बघून "सम्दं निळं पडी गयं रे" म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावलासुद्धा. नाना मूळचे अमळनेरकडचे. परोपकार करताना ते कुणाची परवानगी घेत नाहीत.

मेकॅनिक आला, चप्पल काढता काढताच म्हणाला, "भाऊ, बॅकलाइट गयेल आहे."

"गेलेला नाही. सिनेमाच तसा आहे."

"कसा?"

"निळा."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

एक सांगतो, माणूस अडाणी नव्हता, आणि राग त्याचाच येतो. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागे ज्या पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या असतात (बॅकलाइट म्हणतात तो हाच), ते दिवे मुळात निळेच असतात. त्यांच्यावर पिवळट फॉस्फरचा थर दिलेला असतो, निळा नि पिवळा मिळून पांढरा दिसतो. उष्णतेने तो थर मरतो, मग आतला निळा उघडा पडतो आणि बातम्या देणारी बाई जांभळी दिसायला लागते. भुसावळात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर असतो आणि बॅकलाइट शंभरावर ठेवलेला असतो, म्हणजे मरणाची सगळी सोय. पट्टी बदलायची तर पूर्ण संच बदलावा लागतो, एकच नवी घातली की पडद्यावर चट्टे दिसतात. आणि त्यासाठी काच उचलावी लागते. तिच्या कडेच्या नाजूक फिती तिथेच फाटतात, मग दुरुस्तीचं बिल नव्या टीव्हीच्या पंगतीला जाऊन बसतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर दिसताच मी रिमोट हातात घेतला.

निदान सोपं आहे. मेनूचं बटण दाबायचं. मेनूतली पांढरी अक्षरं पांढरी दिसली तर दिवे ठीक. अक्षरं निळी, तर पट्टी गेली. मी मेनू उघडला. अक्षरं पांढरीशुभ्र. बातम्या लावल्या. बाई गव्हाळ. दुसरा कुणी असता तर इथे चप्पल घालून निघाला असता.

"मंग पिक्चरमधी फॉल्ट आहे."

"फॉल्ट नाही. तो रंग ठेवलेला आहे."

"कोणी?"

"डायरेक्टरने."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तो थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. "मंग त्याला कोणी काही बोललं नाही?"

बोलले की! २००७ पासून बोलताहेत. संजय लीला भन्साळीचा हा सिनेमा ९ नोव्हेंबर २००७ला, ऐन दिवाळीत आला. त्याच शुक्रवारी समोर 'ओम शांती ओम'. एकीकडे सगळी रोषणाई, दुसरीकडे एक पूल, एक छत्री आणि चार रात्री. समीक्षकांनी जे धुतलं ते धुतलंच: सगळं खोटं, सगळं निळं, सेट मोठा नि गोष्ट छोटी. गोष्ट छोटी आहेच. ती रशियन लेखक दस्तयेवस्कीची १८४८ सालची दीर्घकथा आहे: एकटा तरुण, कुणाची तरी वाट बघणारी मुलगी, चार रात्री, आणि मग ज्याची वाट बघत होती तो येतो. हीच कथा १९५७मध्ये इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोन्तीने पडद्यावर केली, तीही स्टुडिओत कालवे नि पूल उभारून. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात रौप्य सिंह मिळाला. तिकडे सेट खोटा असला की शैली, इकडे असला की उधळपट्टी.

आणि मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. संगीत नाटकात रंगवलेल्या पडद्यासमोर उभं राहून नायक नदीकाठच्या विरहाचं पद तीन वन्समोअर घेऊन म्हणायचा, तेव्हा कुणी नदीचं पाणी तपासायला उठलं नव्हतं. बालकवी तर आमच्या धरणगावचे. त्यांच्या 'औदुंबर'मध्ये झरा निळासावळा, तट हिरवे, डोहावर गोड काळिमा. त्या आठ ओळींची पट्टी बदला असं मराठीच्या कुठल्या मास्तरांनी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी मेकॅनिकला सांगितलं नाही, कारण तोवर तो सेटिंगमध्ये शिरला होता. आधी पिक्चर मोड 'व्हिव्हिड', म्हणजे भडक. झालं, पुलाखालचं काळं पाणी राखाडी झालं आणि मागच्या रंगवलेल्या इमारती रंगवलेल्या दिसायला लागल्या. मग ब्राइटनेस वाढवला. रात्रीची संध्याकाळ झाली. मग व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन निळ्याचा गेन, म्हणजे जोर, खाली ओढला. निळा काढला की उरतो पिवळा, हे दिव्यांचंच गणित. नायिका सकीना कावीळ झाल्यासारखी दिसू लागली, हिरव्या भिंती शेवाळी तपकिरी झाल्या, आणि कंदिलांचा पिवळा, जो मुळात निळ्यावर उठून दिसावा म्हणूनच ठेवलेला असतो, त्यात बुडून गेला.

"आता कसं नॅचरल वाटून राह्यलं," तो म्हणाला.

भरताचं वांगं वरून काळं पडलं म्हणून कुणी ते पांढरं करून मागत नाही. पण नॅचरल या शब्दापुढे इलाज नसतो.

नेमकं तेव्हाच 'जब से तेरे नैना' लागलं. शानला या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं आणि रणबीरला पदार्पणाचं, पण जगाला लक्षात राहिला तो टॉवेल. नाना ताकाचं भांडं मांडीवर घेऊन बसले होते. "हाऊ टॉवेल गुंडाईसन नाची ऱ्हायना," ते हळूच म्हणाले, "आनि तू देखी ऱ्हायना?"

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्याची सभ्यता. व्हिजिट चार्ज मात्र पूर्ण घेतला. समीक्षक निदान घरी येऊन पैसे मागत नाहीत.

सिनेमा निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. नायक राजची बडबड मध्यंतरानंतर डोक्यात जाते, आणि इमान, म्हणजे सलमान, एवढा थोडा वेळ दिसतो की सकीना नेमकी कशाची वाट बघतेय हे आपणच समजून घ्यायचं. पण निळा हा त्याचा दोष नव्हे, आणि तो दुरुस्त करायला सगळं गाव टपलेलं आहे. दुकानात टीव्ही व्हिव्हिडवर लावून ठेवतात, कारण ट्यूबलाइटखाली भडक तोच विकला जातो, आणि तो तसाच घरी येऊन तसाच म्हातारा होतो. शिवाय मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो, आणि पुलावरचा प्रणय दुपारच्या मालिकेसारखा सुळसुळीत होतो. शिवाय झूम. ४३ इंची पडद्यावर या रुंद सिनेमाला वर-खाली साधारण साडेसहा-साडेसहा सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या येतात. घरात कुणाला तरी त्या सहन होत नाहीत. झूम केलं की रुंदीचा पाव भाग कापला जातो, म्हणजे डावीकडे राज आणि उजवीकडे सकीना असेल तर मधला पूल तेवढा उरतो.

तेव्हा कुणाला बघायचाच असेल तर: पिक्चर मोड सिनेमा किंवा मूव्ही, कलर टेंपरेचर वॉर्म, शार्पनेस शून्याच्या आसपास, स्मूदिंग बंद, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा कमीजास्त करणारा सेन्सर बंद. रात्री बघा, ट्यूब विझवून. आणि शक्यतो पौषात. वैशाखात कूलर बंद करता येत नाही, आणि कूलरपुढे 'यूँ शबनमी' या गाण्याची सुरुवात ऐकू येत नाही, नुसते ओठ हलतात.

नाना शेवटपर्यंत बसले. सलमान परत आला, मुलगी त्याच्याबरोबर गेली, राज एकटा राहिला. नानांना हे मुळीच पटलं नाही. "सलमान उना, पोर गयी, खलास," ते म्हणाले. "मंग हाऊ इतला नाचना कसाले?"

मी वाचलेल्या सतरा परीक्षणांत कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर ते उठले होते. जाताना त्यांनी रिमोट उचलला आणि माझ्या भल्यासाठी पडदा पुन्हा झूम केला. सेटिंग जागेवर आलं की सेल काढून ठेवा.