कोर्टाच्या पायरीपर्यंतचे अंतर

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडच्या माणसाला भरून आले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना त्याआधी उच्च न्यायालयातल्या तारखेसाठी मुंबई गाठावी लागे. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये कागदांची पिशवी उशाशी घेऊन झोपलेली माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण त्या पायरीपर्यंत पोहोचण्याचा खर्च झेपत नाही म्हणून अपील सोडून देणाऱ्यांना शहाणे म्हणणे मला कधीच पटले नाही.

ई-फायलिंग आणि ऑनलाइन सुनावणी असताना हे फिरते खंडपीठ कायमस्वरूपी व्हावे असा माझा आग्रह कशाला, असे गावाकडचे काही मित्र विचारतात. त्यांना मी इंग्लंडचा अनुभव सांगतो. इंग्लंड आणि वेल्समधील जवळपास निम्मी मॅजिस्ट्रेट न्यायालये २०१० नंतरच्या दशकात बंद झाली आणि अनेक सुनावण्या फोनवर वा पडद्यावर गेल्या. माझ्या शेजारणीचे सरकारी भत्त्याचे अपील असेच फोनवर चालले. स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्रे पसरलेली, मध्ये स्पीकरवर ठेवलेला फोन, आणि ती दर दोन मिनिटांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारत होती, ‘आता मी बोलू का?’ तिला वकील नव्हता, कारण तिथल्या २०१२ च्या कायद्याने अशा बहुतेक प्रकरणांतली सरकारी खर्चाची कायदेशीर मदत काढून घेतली. आपल्या भारतातल्या १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मात्र स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तो गावोगावी ठाऊक नसावा याचे मला फार वाईट वाटते.

एका बाबतीत मात्र इंग्लंडकडून घ्यावे. इंग्रजी न येणाऱ्या आरोपीला तिथल्या फौजदारी न्यायालयात सरकारी खर्चाने दुभाषी मिळतो. आपल्याकडे जिल्हा न्यायालयात मराठी चालते, पण राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत होते. त्याच अनुच्छेदाच्या आधारे राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी आपल्या उच्च न्यायालयांत हिंदीला वाट करून दिली. महाराष्ट्राने मराठीसाठी तेवढाच जोर लावायला हवा. भुदरगडमधल्या गारगोटीहून सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी घरी परतू शकणारा शेतकरी आज मागच्या बाकावर बसून आपल्याच जमिनीचा इंग्रजी युक्तिवाद ऐकतो आणि बाहेर आल्यावर वकिलांना विचारतो, ‘साहेब, काय झालं?’