जरा स्ट्राँग दे रे

घसा खवखवतोय? डॉक्टरकडे मुळीच जाऊ नका. तासभर नंबर लावायचा, पाचशेची नोट मोडायची आणि ऐकायचं काय, तर 'व्हायरल आहे, आराम करा.' त्यापेक्षा स्टेशनवरून घरी येताना मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकवा आणि म्हणा, "जरा स्ट्राँग दे रे."

गेल्या बुधवारी माझ्या पुढच्या गृहस्थांनी हेच केलं. सेफिक्झिम नावाचं अँटिबायोटिक, तीनच गोळ्या. पोऱ्याने कात्रीने पट्टी कापली, चिठ्ठीचं नावही काढलं नाही. मागे मी, आईच्या इंजेक्शनांची चिठ्ठी घेऊन. तिच्या लघवीतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं ते सांगणारा कल्चर रिपोर्ट खिशात होता. गोळ्यांच्या सगळ्या नावांपुढे 'आर'. रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत.

'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' सांगणाऱ्या पट्टीवरच्या लाल रेघेकडे बघू नका. नक्षी असते ती.

वहीचं तर विचारूच नका. सेफिक्झिम शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे. 2014 पासून दुकानदाराने पेशंटचं, डॉक्टरचं नाव लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. बिचारा लाजेल.

उरलेली गोळी फ्रीजच्या दारात ठेवा, शेजारच्या काकूंना होईल.

आणि मुख्य म्हणजे, आपल्या जंतूंना दानशूर होऊ द्या. त्यांच्याकडे प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं असतं, मुख्य गुणसूत्राहून वेगळं. त्यावर औषध निकामी करणारी जनुकं बसतात. एक जंतू दुसऱ्याला चिकटतो आणि कड्याची नक्कल देऊन टाकतो. जातपात बघत नाही हो! आमच्या सोसायटीत अजून पोटजात विचारून स्थळं बघतात, आणि ई. कोलाय नावाचा जंतू खुशाल क्लेबसिएला या परक्या जातीच्या जंतूला देतो. त्यात ट्रान्सपोझॉन, म्हणजे उड्या मारणारी जनुकं. ती या कड्यावरून त्या कड्यावर जातात, आणि चार औषधांवरचे तोडगे एकाच कड्यावर गोळा होतात. जपानमध्ये 1950 च्या दशकातच हगवणीच्या जंतूंत हे दिसलं होतं. मग तुम्ही घेता एकच औषध, पण पोसता चारही तोडगे. घशातल्या व्हायरसला सेफिक्झिमने काडीचा फरक पडत नाही. मरतात ते तुमच्या आतड्यातले साधे, निरुपद्रवी जंतू. कडंवाले उरतात, रिकाम्या जागेत वाढतात आणि संडासातून गटारात जातात. जुलैमधलं मुंबईचं गटार कुठवर येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

2008 मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, एनडीएम-1 हे औषधं निकामी करणारं जनुक सापडलं. नावात 'नवी दिल्ली' आली म्हणून आपण केवढे चिडलो! नावावर चिडलो, जनुकावर नाही. तेही प्लाझ्मिडवरूनच फिरतं, आणि ते आलं की मेरोपेनेमसारखं राखून ठेवलेलं जबर इंजेक्शनसुद्धा संपलं.

आईच्या रिपोर्टात मेरोपेनेमपुढे 'एस' आहे, म्हणजे ते लागू पडतं. अजून. रोज तीन वेळा, शिरेतून. हाताला शीर सापडेना, आता पायाला लावलंय. गेल्या दहा वर्षांत तिने एक अँटिबायोटिक घेतलं नसेल. तिच्या जंतूंना हे कुणीतरी दिलंय. तुमच्यासारख्याच कुणीतरी, साहेब, दोन दिवसांच्या सर्दीपायी! शिकलेले आहात, गळ्यात ऑफिसचं कार्ड आहे, आणि चिठ्ठीशिवाय हे औषध मागताना लाज वाटत नाही? आणि तू रे कात्रीवाल्या, दुकानात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलंयस, तो माणूस कुठे आहे?

व्हा बाजूला. दहाचा डोस आहे, मला सलाईनचा सेट घ्यायचाय.