माझ्या पोरीला ॲग्रीला घालू का? : शिरोळच्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

'बारावीनंतर कृषी की पर्यावरणशास्त्र' या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. नावाच्या जागी नुसतं 'ऊसवाला, शिरोळ' आहे, म्हणून दादाच म्हणतो. उत्तर लांबलं, तेव्हा इथं वेगळं टाकतोय. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दादांचं म्हणणं असं की कृषी विद्यापीठांनीच खतं-औषधं शिकवून रानांचं वाटोळं केलं आणि आता तेच पर्यावरण शिकवायला निघालेत. ॲग्री झालेली पोरं एमपीएससीच्या नाहीतर बँकेच्या परीक्षेला बसतात, रानात एकही दिसत नाही. कृषिदूत म्हणून गावात येतात ते फोटोपुरते. दादांच्या दोन एकरांत मीठ फुटलंय. ॲग्री झालेल्याच एका दुकानदारानं सांगितलं म्हणून लागोपाठ दोन वर्षं जिप्सम टाकलं, फरक शून्य. आणि शेवटी टोला: 'आता माझ्या पोरीला घालू का तिकडं? तीही पास होऊन जिप्समच विकेल.'

मी स्वतः कृषीची पदवी घेऊन पुढं पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केली आणि आता माती-पाणी तपासणीच्या कामात आहे. तेव्हा जिप्समपासूनच सुरुवात करतो. बाकीच्या मुद्द्यांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीच्या कणाला सोडियम चिकटून बसलेला असतो, त्याला हुसकून कॅल्शियम तिथं बसतो. जिप्सम एवढंच करतं. सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून गेला तरच रान सुधारतं. पण मुळात जमिनीत चिकटलेला सोडियम जास्त आहे का, हे आधी बघावं लागतं. तपासणीत क्षारता (ईसी) ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणाला चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांच्या आत असेल, तर ती नुसती क्षारयुक्त जमीन. तिच्यात पाण्यात विरघळणारे क्षार साठलेत, ते चांगल्या पाण्यानं धुऊन खाली काढायचे. जिप्समचं तिथं कामच नाही. उलट सामू ८.५ च्या वर, सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि क्षारता ४ च्या आत असेल, तर ती चोपण. ओली असली की पायाला गोळा चिकटतो, वाळली की ढेकूळ फुटत नाही, पाणी वर तसंच उभं. जिप्सम लागतं ते हिला. काही रानांत दोन्ही दोष एकत्र असतात आणि तिथं कुठला उपाय आधी करायचा यालाही महत्त्व असतं.

तुम्ही लिहिलंय, 'उन्हाळ्यात रान पांढरंफटक पडतं आणि पावसात पाणी हटत नाही.' यावरून अंदाज बांधता येतो, निदान होत नाही. दुकानदारानं रिपोर्ट मागितला होता का? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही, म्हणजे नसावा. तुम्ही म्हणाल, सॉइल हेल्थ कार्ड आहे की. त्या कार्डावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. विनिमययोग्य सोडियम त्यात नाहीच. शिवाय २०१५ साली योजना सुरू झाली तेव्हा बागायतात अडीच हेक्टरांना एक नमुना असं गणित होतं. सव्वासहा एकरांत तुमचं मीठ फुटलेलं रान आणि शेजारच्याचं झकास रान एकाच पिशवीत गेलं असेल, तर त्या कार्डावरून जिप्समची मात्रा काढणारा माणूस पदवीधर असला तरी काय उपयोग?

आणि समजा, जमीन चोपणच निघाली. तरी खाली तीन फुटांवर पाणी उभं असताना जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात हाच खरा घोळ आहे. काळी खोल माती, नदीवरून लिफ्टनं (उपसा योजनेनं) आलेलं भरपूर पाणी, बारमाही ऊस, निचरा नाही. पाणीपातळी वर येते, उन्हानं वरचं पाणी उडून जातं आणि क्षार तेवढे मागं राहतात. यावरचा उपाय तुमच्याच तालुक्यात मोठ्या प्रमाणावर झालाय: मीटरभर किंवा त्याहून खोल चर काढून सच्छिद्र पाइप, त्याला गाळणीचं कापड, ते पाइप मोठ्या पाइपाला जोडायचे आणि पाणी ओढ्याला काढून द्यायचं. पडीक रानात त्यानंतर पुन्हा ऊस उभा राहिलेला आहे. एकट्यानं करायचं काम नव्हे हे, गट करावा लागतो. पाइप शेजाऱ्याच्या बांधाखालूनच जाणार.

आता पुढचा प्रश्न कृषीच्या पुस्तकात जेमतेम येतो. त्या पाइपातून निघालेलं खारं पाणी ओढ्यात जातं, ओढ्यातून पंचगंगेत किंवा कृष्णेत, आणि नरसोबाच्या वाडीपाशी संगम झाला की पुढं कर्नाटकात. पाण्यात क्षार किती आहेत, नायट्रेट किती आहे, उन्हाळ्यात नदीला धार नसताना खालच्या गावच्या पाणी योजनेत काय पोचतं, हे कोण मोजणार? पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते नायट्रेट तुमच्या-माझ्या युरियातूनही येतं. पर्यावरण म्हणजे शहरातल्या लोकांचं फॅड, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. शिरोळमध्ये राहून हे म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

विद्यापीठांनी वाटोळं केलं, या मुद्द्याकडे येतो. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं, आज राहुरी विद्यापीठाकडं आहे. फुले २६५ हा उसाचा वाण तिथूनच आला. क्षारपड रानात इतर वाणांपेक्षा तग धरतो, म्हणून तुमच्याकडंही लावतात. विद्यापीठाची सुरू (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला लावलेल्या) उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ स्फुरद, ११५ पालाश, आणि सोबत गाड्यांनी शेणखत. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे सगळं नत्र युरियातून दिलं तरी ५४३ किलो, पंचेचाळीस किलोच्या बारा पिशव्या हेक्टरी. एकरी पाचसुद्धा भरत नाहीत. तेही एकदम नाही: लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन महिन्यांच्या सुमाराला १० आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला माती चढवताना, ४०. तुमच्या शिवारात एकरी किती पडतात आणि किती हप्त्यांत, ते तुम्हीच सांगा. पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि युरिया टाकला की आठवड्यात पाला काळाभोर दिसतो. ही सवय राहुरीच्या पुस्तकातून आलेली नाही.

पण विद्यापीठांना मी सोडत नाहीये. त्यांचा प्रयोगाचा प्लॉट बांधापाशी संपतो. टनेज मोजतात, साखर उतारा मोजतात, खर्च-उत्पन्नाचं गुणोत्तर काढतात. बांधाबाहेर काय वाहून गेलं त्याचा रकाना बहुतेक प्रबंधांत नसतो. पदवीला पर्यावरण आहे, पण 'पर्यावरण अभ्यास आणि आपत्ती व्यवस्थापन' असा तीन क्रेडिटचा जोडविषय म्हणून. हीच गत बीए-बीकॉमच्या पर्यावरण विषयाची. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला म्हणून तो सगळीकडं सक्तीचा झाला आणि पोरांनी त्याचा प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणायला सुरुवात केली. (मुखपृष्ठावर पृथ्वी आणि दोन हात. हे चित्र नसलेला प्रोजेक्ट मी अजून पाहिलेला नाही.) पर्यावरणशास्त्राच्या विभागांतली उणीव उलट्या बाजूची. तिथं नदीचं पाणी चोख तपासतात, पण शेतकरी पाट भरून पाणी का सोडतो याचा पत्ता नसतो. थ्री फेजची लाईट आळीपाळीनं रात्रीची येते, अंधारात सापा-किरड्यात कोण बारे धरत, सरीसरीला पाणी वळवत बसणार? मोटर चालू करून माणूस घरी येतो. हे ज्याला माहीत नाही तो अहवालात 'शेतकऱ्यांमध्ये जागृतीची गरज' असं लिहून मोकळा होतो. मूळ लेखात मी दोन्ही विषय एकत्र शिका म्हटलं ते याच कारणानं.

औषधांचं तुमचं म्हणणं मला जास्त पटलं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, औषधांची मिश्रणं, तोंडाला फार तर रुमाल. बाटलीवरचा त्रिकोण लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे फवारणाऱ्या मजुराला सांगायचं काम कुणाचं होतं? औषध विकायच्या परवान्याला कृषी किंवा विज्ञानाची पदवी, नाहीतर ठरवून दिलेला अभ्यासक्रम लागतो, तो याचसाठी. अडचण पुढं आहे. दुकानात सल्ला फुकट आणि माल विकत. सल्ला देणाऱ्याचं पोट पिशवी विकण्यावर आहे, आणि कृषी खात्याच्या माणसाकडं गावं इतकी की तो तुमच्या बांधावर वेळेला पोचत नाही. तुमचा जिप्समवाला या व्यवस्थेत बसलेला आहे. त्याला मृदविज्ञान शिकवलं नव्हतं असं मी मानत नाही. परीक्षेत त्यानं क्षारता, सामू आणि सोडियमचे ते तीन आकडे नक्की लिहिले असणार.

परीक्षांचं म्हणाल तर राग येतो हे खरं, पण हिशोब बघा. इंजिनिअर झालेल्या पोराला कुणी 'कारखाना का नाही काढलास' म्हणून विचारत नाही. दोन भावांत चार एकर असलेल्या घरातल्या पोरानं बँकेत कृषी अधिकारी व्हायचं ठरवलं, तर त्यात फसवणूक काय आहे? मला खटकतात ते पहिल्या वर्षापासून अभ्यासिकेत बसून प्रॅक्टिकलला फक्त सही करायला येणारे. सेंद्रिय कर्ब काढायची साधी पद्धत घ्या. मातीत डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून नंतर ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडायचं. जांभळट रंग एका थेंबाला चटकन हिरवा होतो. तिथं थांबायचं. हात सैल सुटला, दोन-चार थेंब जादा गेले, की जमिनीत कर्ब आहे त्यापेक्षा कमी दिसतो. जर्नलमध्ये मागच्या बॅचचं रीडिंग उतरवणाऱ्याला हा हात कधी बसत नाही, आणि उद्या तोच लॅबमध्ये तुमच्या मातीचा रिपोर्ट काढतो.

कृषिदूतांचं खरं आहे, फोटो निघतात. पेपरात 'कृषिदूतांकडून बोर्डो मिश्रणाचे प्रात्यक्षिक' असा मथळा दर वर्षी असतो. पण त्या पोरांना गाव कुणी दाखवतं का? पुढच्या वेळी आली की तुमच्या मीठ फुटलेल्या दोन एकरांत न्या. चर खणायला लावा, पाणी किती फुटांवर लागतं ते मोजायला सांगा. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे थरांचे वेगवेगळे नमुने काढून घ्या, सावलीत वाळवा, विद्यापीठाच्या लॅबला पाठवा आणि विनिमययोग्य सोडियम काढून मागा. त्यांच्या अहवालाला विषय मिळेल आणि तुम्हाला कळेल की दोन वर्षांचं जिप्सम कुठं गेलं.

राहिला पोरीचा प्रश्न. घालायचं असेल तर कॉलेज बघून घाला. राहुरीपर्यंत जायला नको, त्याच विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय कोल्हापूरला आहे. सीईटी द्यावी लागेल, सात-बारा असल्याचा प्रवेशात फायदा होतो, तो दाखला आत्ताच काढून ठेवा. तिथं नंबर नाही लागला आणि खासगी कॉलेज बघायची वेळ आली, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून दोन गोष्टी डोळ्यांनी बघा: कॉलेजचं स्वतःचं रान किती आणि त्यात आत्ता काय उभं आहे, आणि माती परीक्षणाच्या लॅबमधल्या बाटल्यांवर धूळ आहे का. तिचा ओढा रसायनशास्त्राकडं असेल तर पदवीनंतर मृदविज्ञानात एमएस्सी करता येते, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा देऊन बाहेरच्या राज्यातही जाता येतं. कर्नालला केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था १९६९ पासून खास याच दुखण्यावर काम करतेय. नदी, पाणी, प्रदूषण यांत जास्त रस असेल तर सरळ पर्यावरणशास्त्र घेऊ दे, फक्त त्या विभागाची पोरं वर्षातून किती वेळा फील्डवर जातात ते सीनिअर पोरींना विचारून घ्या.

दादा, एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, पण पोरीला स्वतःला काय करायचंय ते त्यात कुठं दिसलं नाही. तिलाच लिहू दे इथं. अभ्यासक्रम, होस्टेल, नोकरी, जे विचारायचं ते विचारू दे. मी उत्तर देईन.