रिकाम्या खोलीला फसवणूक म्हणणाऱ्यांना

आमच्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं : ‘मोकळी खोली, नसलेली मूर्ती, कुठेच नसलेलं गाव दाखवतात आणि त्याला संकल्पनात्मक कला, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारी कला, म्हणतात. ना कष्ट, ना कसब, नुसता पैशांचा खेळ. आपल्या गाववाल्याच्या ते डोक्यावरून जाणार.’ यातलं बरंचसं चूक आहे.

आधी कष्टांचं. अमेरिकी कलाकार वॉल्टर डी मारियानं १९७७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात एक किलोमीटर लांबीचा पितळी दांडा जमिनीत उभा उतरवला. वर दिसते ती फक्त पाच सेंटिमीटर व्यासाची चकती. बोअर मारताना कातळ लागला की काय होतं ते ज्यानं पाहिलंय, त्यानं त्या चकतीखालची किलोमीटरभर खोली मनात धरून बघावी. ती मनातच धरावी लागते, काम तिथेच आहे. अमेरिकी कलाकार रॉबर्ट रॉशेनबर्गनं १९५३ मध्ये नामवंत चित्रकार विलेम डी कूनिंगकडून एक चित्र मागून घेतलं ते खोडण्यासाठी. डी कूनिंगनंही मुद्दाम खोडायला अवघड असंच दिलं.

पैशांचा मुद्दा अर्धा खरा. २०२१ मध्ये इटलीतला कलाकार साल्वातोरे गाराऊ याचं ‘अदृश्य शिल्प’ १५,००० युरोंना गेलं. मलाही ते पटत नाही. पण म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडनं १९९३ मध्ये पूर्व लंडनमधल्या एका जुन्या घराला आतून काँक्रीटचा थर दिला आणि मग बाहेरच्या भिंती उतरवल्या. उरला तो खोल्यांमधल्या पोकळीचा ठसा. शेकोटीचे कोनाडे बाहेर फुगलेले, दारं-खिडक्या उलट्या उमटलेल्या. जानेवारी १९९४ मध्ये ते पाडलंही. यात विकायला मागे काय उरलं? गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या वाडीत जो राहतो, त्याला हे काम समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही.

‘गाववाल्याला कळणार नाही’ हे मला सगळ्यात जास्त लागलं. जत्रेत रात्रभर दहिकाला, म्हणजे दशावतारी नाटक, बघतो तो कोण? रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, तो उठून एक फेरी मारून आला की आपण अरण्यात. ‘झाडं कुठायत?’ असं कुणी विचारत नाही.

फरक आहेच. दशावतारात कथा ओळखीची असते, नट बोलून बोलून जागा उभी करतो. कलादालनात सगळा भार भिंतीवरच्या माहितीच्या दोन-चार ओळींवर येतो, आणि त्या बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. तक्रार करायची तर त्याची करा.