‘ते तं जेवणावळीचे क्लब’ : फिरत्या मेसेजला एका बिनसदस्याचं उत्तर

गावच्या ग्रुपवर हा मेसेज आता तिसऱ्यांदा आला. पहिल्यांदा पोळ्याच्या दिवशी आला होता, तेव्हा बैलांच्या फोटोंत वाहून गेला. यावेळी पाठवणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा. रोटरी, लायन्स वगैरे समाजसेवेचे क्लब म्हणजे पैसेवाल्यांच्या जेवणावळी. यांचा पैसा परदेशात जातो आणि परदेशातून येतो. पोलिओ सरकारने घालवला, यांनी नुसत्या क्लबच्या टोप्या घालून मिरवलं. डोळ्यांची मोफत शिबिरं म्हणजे दवाखान्यांना गिऱ्हाईक पुरवायची सोय. मुळात ही इंग्रजांची गुप्त संघटना. आणि शेवटी : खेड्याला यांनी आजवर काय दिलं ते दाखवा. खाली जोडलेले हात आणि ‘जागे व्हा’.

मी यातल्या कुठल्याच क्लबात नाही. एकदा विचारणा झाली होती, पण वर्षाची फी ऐकून मी म्हटलं, पोरीचं लग्न होऊ द्या. नंतर त्यांनी विचारलं नाही आणि मीही आठवण दिली नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात या लोकांशी बरेचदा गाठ पडली. कधी कामाची, कधी डोकेदुखीची.

जेवणावळीपासून सुरू करू. जेवण असतं, हे खरं. आमच्या तालुक्याच्या क्लबात दोन डॉक्टर, एक वकील, कापसाच्या जिनिंगवाले शेठ, दाल मिलवाले, कृषी केंद्रवाले आणि बँकेचे मॅनेजर असत. बैठक संपली की पनीर, जिरा राईस आणि गुलाबजाम. पण ते जेवण सदस्यांच्या फीतून होतं. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा क्लबच्या स्वतःच्या खर्चाला वापरायचा नाही, दोन्ही खाती वेगळी ठेवायची, असा लायन्सचा तर लेखी नियमच आहे. नियम मोडणारा कुठं नसेलच असं मी म्हणत नाही. मोडला असेल तर हिशोब मागा, पण हिशोब न मागता गुलाबजाम मोजण्यात काय हशील? आपल्याकडं सोसायटीच्या आमसभेतही नाश्ता असतोच की.

खरं तर इथं मेसेजवाल्याच्या हातून मोठा मुद्दा निसटला. 1905 मध्ये रोटरी सुरू झाली आणि 1989 पर्यंत बायकांना तिच्यात सदस्यच होता येत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबनं तीन बायका घेतल्या, तर 1978 मध्ये त्या क्लबालाच बाहेर काढलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1987 मध्ये निकाल बायकांच्या बाजूनं लागला. त्यानंतर दोन वर्षांनी रोटरीनं घटना बदलली. 84 वर्षं! टीका करायची तर ही करा ना.

आता पैशाचं. एकाच मेसेजात पैसा परदेशात जातो आणि परदेशातून येतोही. दोन्ही खरं आहे, फक्त मेसेजवाल्याला वाटतं तशा अर्थानं नाही. सदस्याच्या फीतला थोडा भाग मुख्य संस्थेकडं जातो. रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या सेवाकामाचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेला, देणगी द्यायची असेल तर ती वेगळी, ऐच्छिक. त्या फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेली रक्कम तीन वर्षं गुंतवून ठेवतात. मग तिच्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा ज्या डिस्ट्रिक्टमधून पैसा गेला त्याच डिस्ट्रिक्टच्या हाती परत येतो, आणि तो कुठं लावायचा हे तिथले लोक ठरवतात. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे, अनेक क्लब मिळून केलेला रोटरीचा विभाग. आपल्या विदर्भातले क्लब 3030 नंबरच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात, जो तिकडं नाशिकपर्यंत पसरलाय. उरलेला वाटा जगाच्या निधीत जातो.

त्या जगाच्या निधीतून ‘ग्लोबल ग्रँट’ मिळते. तिची अट अशी की काम जिथं व्हायचं तिथला एक क्लब हवा आणि दुसऱ्या देशातला एक. एकट्यानं मागता येत नाही. प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा, म्हणजे साधारण 25 लाखांचा हवा. डायलिसिसचं मशीन, रक्तपेढीची गाडी, शाळांतली स्वच्छतागृहं असली कामं त्यातून होतात. अर्ज करण्याआधी गावाला नेमकं काय हवंय याची पाहणी करून ती जोडावी लागते. आपली ग्रामसभा कोरम नसताना वहीवर सह्या घेऊन उरकली जाते, त्या मानानं ही अट मला बरी वाटते.

परदेशी संबंधांतला एक प्रकार मी जवळून पाहिलाय. रोटरीची ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ नावाची योजना 1965 पासून बरीच वर्षं चालली. एखाद्या देशातले काही तरुण नोकरदार, जे स्वतः रोटरीत नाहीत, दुसऱ्या देशात जायचे आणि तिथं लोकांच्या घरी राहायचे. असा एक गट एका वर्षी आमच्याकडं आला होता. जिनिंग बघायला नेलं तर त्यातली एक पोरगी रुईच्या ढिगाजवळ जाऊन तासभर शिंकत बसली. रात्री शेठजींच्या घरी वांग्याची भाजी आणि भाकर. शेठजींच्या आईनं विचारलं, ‘काहून गा, इले तिखट चालते का?’ चाललं नाही. मग दह्याची वाटी आली. ह्याला परदेशी षड्यंत्र म्हणायचं असेल तर म्हणा बाप्पा.

पोलिओच्या मुद्द्यावर मात्र मी गप्प बसूच शकत नाही, कारण ते बूथ मी सांभाळले आहेत.

सरकारनं घालवला का? हो. लस सरकारची, नर्सबाई सरकारच्या, अंगणवाडीताई सरकारच्या, मास्तर सरकारचे आणि खर्चाचा मोठा भार आपल्याच देशाच्या तिजोरीवर. पण म्हणून बाकीच्यांनी टोप्याच घातल्या, हे साफ खोटं. रोटरीनं पोलिओचं काम हाती घेतलं 1979 मध्ये, फिलिपिन्सच्या मुलांना लस देऊन. सगळ्या जगातून पोलिओ घालवायचा संकल्प त्यांनी सोडला 1985 मध्ये. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांच्याबरोबरची मोहीम सुरू झाली ती 1988 मध्ये. त्या वर्षी सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं लुळी होत होती. आपल्याकडं देशभरची पल्स पोलिओ डिसेंबर 1995 मध्ये आली. म्हणजे टोपीवाले दहा वर्षं आधीच कामाला लागले होते. आजवर त्यांनी यासाठी दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसा उभा केलाय. तो साऱ्या जगातल्या क्लबांनी थोडाथोडा जमवला, त्यात आमच्या कृषी केंद्रवाल्याचेही असतील.

बूथचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना ते दोन थेंबांचं वाटतं. सकाळी लशीचा डबा यायचा, आत चारी बाजूंनी बर्फाच्या पिशव्या. लस गरम झाली की गेली. कुपीवरच्या चौकोनाचा रंग गडद झाला तर ती कुपी टाकायची. मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. दुसऱ्या दिवसापासून घरोघर, दारावर खडूनं ‘पी’ नाही तर ‘एक्स’. ‘एक्स’ म्हणजे या घरचं पोर राहिलं, पुन्हा या. वीटभट्टीवर गेलो तर कालची माणसं आज नाहीत. दुपारी कापूस वेचणीला बाया पोरांना घेऊन वावरात गेलेल्या, मग धुऱ्या-धुऱ्यानं त्यांच्यामागं.

2005-06 च्या सुमारचं भारनियमन आठवतं का? बारा-बारा तास लाइन नसायची. पोलिओच्या एका रविवारच्या आदल्या रात्री आमच्या आरोग्य उपकेंद्राचं फ्रीज बंद पडलं आणि बर्फाच्या पिशव्या नुसत्या पाण्याच्या राहिल्या. नर्सबाई रडकुंडीला आल्या. क्लबातला एकजण बसस्टँडजवळ आइस्क्रीमचं दुकान चालवायचा, त्याच्याकडं डीप फ्रीझर आणि जनरेटर होतं. त्यानं रात्री नऊला फ्रीझरमधून कुल्फ्या काढून शेजारीपाजारी वाटल्या आणि आमच्या पिशव्या आत लावल्या. रात्रभर जनरेटर, डिझेल त्याचंच. पहाटे पाचला स्कूटरवर आणून दिल्या, अंगात स्वेटर आणि बाहीला पाणी. याचा फोटो कुणी काढला नाही. बॅनरवरचे फोटो मात्र दुसऱ्यांचेच होते, तेही खरं.

13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालच्या हावड्यात एका लहान मुलीला पोलिओ झाल्याचं आढळलं. रानटी, म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या विषाणूचा देशातला तो शेवटचा रुग्ण. 27 मार्च 2014 ला भारतासह दक्षिण-पूर्व आशियाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान अजून बाकी आहेत. म्हणून आपल्याकडं अजूनही डोस चालू आहे, आणि म्हणून ‘आता कशाला द्यायचा’ विचारणाऱ्या सुनेला तुम्ही समजावून सांगितलं पाहिजे.

डोळ्यांची शिबिरं. लायन्सवाल्यांचा हा जुना ध्यास आहे. 1917 मध्ये शिकागोच्या मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकानं ही संस्था उभी केली. 1925 च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना आंधळ्यांसाठी उभं राहायची हाक दिली, तेव्हापासून. भारतात लायन्स 1956 मध्ये आली. शिबिरातून नेलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमागं दवाखान्याला सरकारी अनुदान मिळतं, हे मेसेजमध्ये ‘भानगड’ म्हणून आलंय. त्यात लपवण्यासारखं काही नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून आहे आणि स्वयंसेवी दवाखान्यांना धरूनच तो चालतो. अनुदानाविना धर्मादाय दवाखाना भिंग कुठून आणणार?

माझ्या आईचा मोतीबिंदू अशाच शिबिरात निघाला. दोन वर्षं ती ‘पिकू दे, मग पाहू’ म्हणत बसली. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नये, हे तिला शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हाच पटलं. मुलगा मास्तर, पण त्याचं ऐकायचं कुणी. शाळेच्या ओसरीवर तपासणी. निरक्षर बायांसाठी ‘ई’ अक्षराचा तक्ता, फाटा कोणत्या बाजूला ते हातानं दाखवायचं. मग बीपी, मग साखर. साखर जास्त निघाली त्या दोघीजणींना परत पाठवलं, त्या क्लबवाल्यांना शिव्या देत गेल्या. निवडलेल्यांच्या कपाळावर, जो डोळा करायचा त्याच्या वर, पट्टी चिकटवली आणि ट्रॅव्हल्सनं जिल्ह्याला नेलं. तिसऱ्या दिवशी काळे चष्मे लावून पंचवीस बाया-माणसं एसटी स्टँडवर उतरली. आईनं घरात पाय ठेवला, आढ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘मायबाई, एवढे जाये (जाळे)! मी आंधळी होतो तं तुमाले फावलं.’ त्या दिवशी बायकोचं आणि तिचं जे बिनसलं ते दिवाळीपर्यंत पुरलं.

तक्रार मलाही आहे. आठवड्यानं पुन्हा तपासायला येणार होते, ते आलेच नाहीत. थेंबांची बाटली संपली, पुढं काय करायचं विचारायला फोन केला तर ‘शिबिर झालं ना सर’. शेवटी मी आईला स्वतः घेऊन गेलो. ज्यांना नेणारं कुणी नव्हतं त्यांनी काय केलं असेल? शिबिराचा आकडा बातमीत येतो, आठवड्यानंतरचा डोळा येत नाही.

गुप्त संघटनेबद्दल एवढंच. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं शिकागोत एक कोळसा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपी यांना गोळा केलं. ते आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात भेटत, म्हणून ‘रोटरी’. इंग्रजांचा संबंध इतकाच की भारतातला पहिला क्लब 1919 मध्ये कलकत्त्यात निघाला, आणि तेव्हा राज्य त्यांचं होतं. या गुप्त मंडळींनी 1907 मध्ये शहरासाठी पहिलं काम कोणतं हाती घेतलं असेल? सार्वजनिक संडास. खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. ते म्हणाले असते, चला, तिकडंही कुणाला तरी सुचलं.

राहिला शेवटचा मुद्दा, खेड्याला काय दिलं. इथं मेसेजवाल्याशी माझं अर्धं जमतं, पण कारण वेगळं आहे. या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. दरवर्षी अध्यक्ष नवा. नव्या अध्यक्षाला नवं काम हवं, कारण जुन्या कामावर पाटी मागच्याची असते.

आमच्या शाळेला एका क्लबनं पाण्याचं फिल्टर दिलं. उद्घाटन झालं, नारळ फुटला, ‘सौजन्य’ची पाटी फिल्टरपेक्षा रुंद. पहिलं वर्ष पोरं थंड पाणी प्यायली. मग आतला कॅन्डल बदलायची वेळ आली. मी नव्या अध्यक्षांकडं गेलो. ते म्हणाले, ‘ते मागच्या वर्षीचं, सर.’ मागच्यांकडं गेलो. ते म्हणाले, ‘आता माझ्याकडं चार्ज नाही.’ त्यापुढच्या वर्षी तिसरे आले, त्यांनी बेंच द्यायची तयारी दाखवली. बेंच घेतले, कोण नाही म्हणतो, पण पोरं पुन्हा हापशावर. दोष त्यांचा, आमचाही. शाळा व्यवस्थापन समितीनं वर्गणी काढून कॅन्डल आणायला हरकत नव्हती. आम्ही सगळे पाटीकडं बघत बसलो.

मी निवृत्त झालो, पण शाळा घराच्या वाटेवरच आहे आणि फिल्टर अजून तसंच आहे. यंदा 1 जुलैला नवे अध्यक्ष येतील. अर्ज लिहून ठेवलाय, फक्त ‘माननीय अध्यक्ष’च्या पुढं नावाची जागा कोरी सोडली आहे.