फळीवर वंदना

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरी गणपती फळीवर बसायचा. मखर वगैरे काही नाही. भिंतीतल्या दोन खुंट्यांवर सागवानी फळी, तिच्यावर पाट, पाटावर गणपती. त्यामुळे आरतीतलं ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’ मला लहानपणी अगदी सरळ वाटायचं. देव फळीवर आहे, त्याला वंदना. सातवीत कळलं की ते ‘फणिवरबंधना’ आहे, म्हणजे कमरेला नाग बांधलेला. ही चूक घरोघरच्या पोरांनी केलेली आहे, त्यात माझं कौतुक काही नाही. पण आमच्याकडे फळी खरोखर होती, आणि अजूनही आरती म्हणताना डोळ्यांपुढे नाग येत नाही, फळीच येते.

हे आज सांगायचं कारण म्हणजे भाच्याशी झालेलं भांडण.

मी प्रूफं तपासते. वीस वर्षं झाली. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, फर्म्यामागून फर्मे. संध्याकाळी कानांना हेडफोन लावून मी जे ऐकते त्यातला मात्र एक शब्द धड लागत नाही. इलेक्ट्रॉनिक म्हणा, एक्स्पेरिमेंटल म्हणा, आमच्या आईच्या भाषेत ‘तुझं ते मिक्सरचं’. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो आणि त्यालाही हेच आवडतं. पण गाणं सुरू झालं की अर्ध्या मिनिटात हा फोनवर त्याचा अर्थ शोधणार. “मावशी, हे डिप्रेशनवर आहे.” “हे भांडवलशाहीवर आहे.” झालं, लागला निकाल. दहावीच्या गाइडात असायचं ना, कवीला काय म्हणायचे आहे, चार गुण. तसं.

परवा रेडिओहेड या इंग्लिश बँडचं ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ लागलं होतं. २०००च्या ‘किड ए’ या अल्बममधलं पहिलं गाणं. शब्द म्हणाल तर पाच-सहा ओळी, त्यात एक अशी की काल उठलो तर लिंबू चोखत उठलो. त्या अल्बममधल्या काही ओळी त्यांचा गायक थॉम यॉर्क याने चिठ्ठ्यांवर लिहून टोपीतून काढल्या होत्या. ही युक्ती जुनी आहे. त्रिस्तान झारा नावाच्या दादावादी, म्हणजे कलेत मुद्दाम निरर्थकपणा आणणाऱ्या पंथातल्या, कवीने १९२० साली कवितेची पाककृतीच दिली होती: वर्तमानपत्रातले शब्द कापा, पिशवीत घाला, हलवा, एकेक काढा. भाच्याला लिंबाचा अर्थ सापडला होता. आंबट चेहरा, प्रसिद्धीचा कंटाळा वगैरे. चूक नाही ते, यॉर्क स्वतःही साधारण तसंच बोललाय. पण मी म्हटलं, अरे, फोन ठेव आणि सुरुवात ऐक. गायला लागण्याआधीच त्याच्या आवाजाच्या चिंध्या करून या कानातून त्या कानात फेकल्यात. सगळं जागच्या जागी आहे असं जो म्हणतोय त्याचा आवाजच जागेवर नाही. गाण्याचा अर्थ तिथे आहे. तो कागदावर उतरवलेल्या ओळींत कसा सापडेल?

यावर तो म्हणाला, “मग कुणीही काहीही अर्थ लावावा का?” प्रश्न बरोबर होता, त्यामुळे मला राग आला.

आपल्याला खरं तर हे नवीन नाही. सवाईत तराणा सुरू झाला की मंडपात कुणी शेजाऱ्याला ‘दीम् तननन म्हणजे काय हो?’ असं विचारत नाही. (शेजारी पुण्याचा असेल तर सांगेलही, ते वेगळं.) उस्ताद अमीर खाँ मात्र म्हणायचे की तराण्यातले बोल निरर्थक नाहीत, त्यांत फारसी अर्थ आहे, आणि त्याचा त्यांनी अभ्यासही केला. मला दोन्ही पटतं. अर्थ असेल, आणि तो न कळताही तराणा अंगावर येतो. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. त्यावर कितीतरी निरूपणं झाली, तरी मुंगी काही खाली उतरली नाही.

तर अर्थ लावणाऱ्यांची गंमत बघा. अंडरवर्ल्ड नावाच्या ब्रिटिश बँडचं ‘बॉर्न स्लिपी’ १९९६मध्ये एका सिनेमामुळे जगभर गाजलं. त्यात गायक कार्ल हाइड ‘लागर लागर लागर’ असं ओरडतो. लागर म्हणजे बिअर. ही ओळ ऐकली की लोक ग्लास उंचावतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर थर्टी फर्स्टला पन्नाशीच्या माणसांनी उंचावलेले मी पाहिलेत. हाइडने मात्र ते लिहिलं स्वतःच्या दारूच्या व्यसनातून: रात्रभर पिऊन घरी निघालेल्या माणसाच्या डोक्यात उरतात तसले तुकडे. रेकॉर्डिंग करताना ओळ चुकली की तो तीच ओळ पुन्हा म्हणायचा, म्हणून ते लागर लागर. श्रोते बिअरचे कॅन उंचावताहेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो हादरला होता. आता यात चुकलं कोण? गच्चीवरचे काका चुकले असं मला म्हणवत नाही. ठेका तसाच आहे, हात आपोआप वर जातो. पिणाऱ्यालाही तसंच होत असणार, हात आपोआप वर. म्हणजे नकळत काकांनी गाण्याचा अर्थ करून दाखवला. वाचून तो कळला नसता.

विसर्जनाच्या डीजेच्या भिंतींबद्दल मी इथे काही बोलणार नाही. छातीची हाडं हलतात एवढंच म्हणते.

आता आईचं. लॉरी अँडरसन या अमेरिकन गायिकेचं ‘ओ सुपरमॅन’ १९८१चं, आठ मिनिटांहून लांब, आणि तरी ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. आत काय, तर ‘हा हा हा हा’ एवढा एक उच्चार अखंड चालू, त्यावर यंत्रातून काढलेला बाईचा आवाज. आन्सरिंग मशीनवर कुणाची तरी आई बोलतेय: आहेस का घरी, येणार आहेस का? मग दुसराच आवाज येतो आणि विमानं येताहेत म्हणतो. १९८०मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला गेलेली अमेरिकन मोहीम वाळवंटात फसली, हेलिकॉप्टर कोसळलं, त्यातून हे गाणं सुचलं. २००१च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ती पुन्हा तेच गायली आणि लोकांनी वेगळंच ऐकलं. गाण्यातला एक शब्दही बदलला नव्हता. शेवटी ती आईला म्हणते, मला हातांत घे, आणि ते हात हळूहळू शस्त्रं होतात, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. प्रूफवाली म्हणून सांगते, मराठीतही हात आणि हत्यार फार लांब राहत नाहीत.

हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मी जेव्हा ते ऐकते तेव्हा इराण नसतो, विमानं नसतात. आमची आई गावी गेली की व्हॉट्सॲपवर बोलून पाठवते. फोनला ती अजून बुजते, त्यामुळे आवाज एकदम आकाशवाणीचा. “हॅलो. मी आई बोलत आहे. तू जेवलीस का?” मग तीन-चार सेकंद थांबते, मी उत्तर देईन म्हणून. त्या थांबण्यात मागे कुकरची शिट्टी, कुणाचा तरी खोकला. नंतर “बरं” म्हणते आणि बंद करते. ‘हा हा हा’ मला त्या तीन-चार सेकंदांचं वाटतं. लॉरीबाईंना हे अभिप्रेत नव्हतं. ही माझी फळी.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला स्टीव्ह राइख या अमेरिकन संगीतकाराच्या १९६६च्या ‘कम आउट’ने दिलं. त्यात एका तरुणाचं एकच वाक्य आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी त्याला मारलं, पण रक्त दिसत नाही म्हणून दवाखान्यात नेईनात, तेव्हा त्याने मुका मार लागलेली जागा फोडली, रक्त बाहेर येऊन त्यांना दिसावं म्हणून. त्या वाक्याची शेपटी राइख दोन टेपवर चालवतो, टेप एकमेकींपासून सुटत जातात, दोनाचे चार आवाज, चाराचे आठ, आणि शेवटी नुसती सळसळ. ‘परंतु’ हा शब्द एका पानावर पंधरा वेळा तपासला की तो शब्द राहत नाही, नुसत्या रेघा होतात, तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गोष्ट माहीत नव्हती. मी डोळे मिटून समुद्र वगैरे ऐकला. नंतर कळलं आणि लाज वाटली. तिथे माझा समुद्र मी मागे घेतला. अर्थ ज्याचा त्याने लावावा हे खरं, पण आत कुणाचं रक्त असेल तर आधी ते बघावं. असा एक सरसकट नियम नाही, एकेका गाण्यापाशी थांबून ठरवायला लागतं. भाचा म्हणाला, “म्हणजे शेवटी वाचायचंच ना?” म्हटलं, हो रे बाबा, पण ऐकून झाल्यावर.

मग समेट म्हणून सिगुर रोस या आइसलँडच्या बँडचा २००२चा अल्बम लावला. नाव नाही, नुसते दोन कंस, मध्ये रिकामी जागा. आठ गाणी, तीही बिननावाची. भाषा त्यांनीच बनवलेली, खरं तर भाषा नाहीच, तोंडाला आले ते उच्चार. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी, ज्याने त्याने आपला अर्थ लिहावा म्हणून. माझ्या धंद्यात याहून शुद्ध प्रत मी पाहिलेली नाही.

आई भाजी निवडत बसली होती. पहिल्या गाण्यात तो गायक बारीक आवाजात काहीतरी ‘यू सायलो, यू सायलो’ असं लावतो. आई थोडा वेळ ऐकून म्हणाली, “कधीचा हाका मारतोय बिचारा. ही सायली कुठे गेलीय?”

भाच्याने फोन हातात घेतला होता, तो खाली ठेवला. आता आमच्याकडे ते सायलीचं गाणं आहे. काल रात्री साडेअकराला सबमिशनची फाइल पुढ्यात घेऊन तोच म्हणाला, “मावशी, सायलीचं लाव ना.”