मामांची पंचाहत्तरी आणि विकतचा उजेड

मे महिन्यातल्या नागपुरात उजेड कमी पडतो म्हणणाऱ्याच्या खिशात लोक कांदा कोंबतील. तरीही ऐन नवतप्यात, भर दुपारी, मामांच्या हॉलचे पडदे ओढून मी फ्लॅश लावत होतो. मामांची पंचाहत्तरी, चौकात फ्लेक्स लागणार, फोटोचं काम भाच्याकडे.

"बाहेर एवढं ऊन पडून राहिलं, अन् तू घरात इजा पाडून राहिला," मामी म्हणाली.

आता तिला काय सांगणार? सूर्य अवाढव्य खरा, पण इतका लांब की चेहऱ्याला तो टिकलीएवढाच भासतो. म्हणून उन्हातली सावली करकरीत पडते, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. तेच ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशवर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी, हातभर अंतरावर आणा, चेहऱ्यापुरता तो सूर्याहून मोठा. सावली मऊ.

पण सॉफ्टबॉक्स आणि कूलर एका खोलीत नांदत नाहीत. कूलर चालू केला की सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो आणि स्टँडसकट मामांच्या अंगावर झुकतो. बंद केला की मामांच्या टकलाला घाम, आणि त्या घामात सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवतात. मामीनं तांदळाची दिली, रात्रीच्या स्वयंपाकाआधी परत करण्याच्या अटीवर. दिवा लांब न्यावा, तर अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. मग फ्लॅशची ताकद वाढवा, तो पुन्हा चार्ज होईस्तोवर थांबा; तेवढ्यात मामांचं हसू मावळलेलं.

चष्म्याची कथा वेगळीच, काचांत डोळ्यांऐवजी फ्लॅशच चमकायचा. उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, म्हणून दिवा वर चढवला.

"मामा, हनुवटी जराशी खाली."

"अजून किती खाली बे? श्रद्धांजलीचा फोटो काढून राहिला काय?"

आणि डोळे! फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात चमकून विझतो, पापणी हलेपर्यंत फोटो निघालेला असतो. पण ऑटोवर ठेवला की तो उजेड मोजायला आधी एक बारीक झलक टाकतो, आणि मामा तिच्यावरच डोळे मिटून मोकळे. मॅन्युअलवर टाकला, तर ते माझं बोट पाहून मिटू लागले. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टननं फ्लॅशच्या लखलखाटात दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट टिपला, १९५७ चा तो फोटो जगभर गाजला. त्याचं बरं होतं. दुधाला पापण्या नसतात.

शेवटी दिवा एका बाजूला घेतला. दुसऱ्या बाजूला मामीची काळी शाल टांगली, भिंतीवरून उजेड उलटून येऊ नये म्हणून. आणि जमलं! सावलीतल्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा नेमका त्रिकोण. फोटोग्राफर मंडळी याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. सतराव्या शतकातला हा डच चित्रकार चेहरे असेच रंगवायचा. त्या टीचभर त्रिकोणापायी माझा सदरा पिळून काढण्याजोगा झाला होता.

फ्लेक्स लागला. मामांच्या मागे सोनेरी किरणं, गाल दोन्हीकडून सारखेच गोरेपान, त्रिकोण गायब. फ्लेक्सवाल्याला गाठलं.

"एका बाजूनं काळं पडलं होतं ना भाऊ तुमच्या फोटोत," तो म्हणाला. "साफ करून देलं. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."